मधला मुक्काम

या पुस्तिकेच्या आतल्या पानावर 'संकलक' या शब्दाखाली दोघांची नावे छापली आहेत आणि पुस्तिकेचा विषयही संकलक हाच आहे. वाचणाऱ्याचा गोंधळ उडेल असे मी त्या दोघांना म्हटले, तर त्यांनी ते हसण्यावारी नेले. सिनेमाची फीत कापून जोडणारा संकलक, जुन्या ओव्या गोळा करणारा संकलक आणि परिभाषेच्या पुस्तकांत कंपायलर तोही संकलकच. यात एक गंमत आहे. ग्रेस हॉपर यांनी १९५२ च्या सुमारास ए-झिरो नावाची प्रणाली केली, तेव्हा ती खरोखरच गोळा करण्याचे काम करत होती. टेपवर ठेवलेले छोटे छोटे तयार प्रोग्रॅम शोधायचे, क्रमाने लावायचे आणि त्यांचा एक मोठा प्रोग्रॅम जुळवून द्यायचा, एवढेच. आजचा कंपायलर भाषांतर करतो. काम पुढे गेले, इंग्रजी नाव मागे राहिले आणि आपण त्या मागे राहिलेल्या नावाचे चोख मराठी करून ठेवले. वर्गात मी जन्मभर कंपायलरच म्हणत आलो. मुले 'कंपाइल मारला, एरर आला' म्हणतात, ते मला संकलकापेक्षा जास्त मराठी वाटते.

पुस्तिका जमली ती अशी. हे दोघेही गगनबावडा तालुक्यातले. कोल्हापुरात इंजिनिअरिंग केले, पुण्यात नोकरीला लागले आणि २०२० च्या टाळेबंदीत लॅपटॉप काखेत मारून घरी आले. मी निवृत्तीनंतर इथेच असतो. कोल्हापूर जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस आमच्या तालुक्यावर कोसळतो. धुके दार न वाजवता घरात येते, कपडे आठवडा आठवडा वाळत नाहीत आणि वीज कधी जाईल याचा नेम नसतो. अशा दिवसांत हे दोघे माझ्या पडवीत येऊन बसायचे. गुरूविषयीचे प्रेम वगैरे काही नाही. पडवीच्या एका कोपऱ्यात रेंज येते, म्हणून. दोघांचेही काम एलएलव्हीएमवर. कॉलेजातली धाकटी मुले फोन करून त्याबद्दल काहीबाही विचारत. तेच तेच प्रश्न यायला लागले तेव्हा एकाने दोनशे पानी वही केली. वही भरली आणि आता ती छापायची ठरली आहे.

एलएलव्हीएम हा एखादा तयार कंपायलर नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण वहीतले निम्मे प्रश्न त्या गैरसमजातून आले आहेत. ते कंपायलर बनवण्याचे सामान आहे. सुताराच्या पेटीत रंधा, पटाशी, करवत असते, पलंग नसतो, तसे. सी आणि सी प्लस प्लससाठी क्लँग नावाचा जो कंपायलर आपण वापरतो तो या सामानातून झालेला एक पलंग. रस्ट, स्विफ्ट, ज्युलिया यांचे कंपायलर हे दुसरे, तिसरे, चौथे. पेटी सगळ्यांना खुली आहे. कोणीही न्यावी, हत्यारांना धार लावून घ्यावी, हवे तर नवे हत्यार घालून परत ठेवावी.

पण या पेटीचे मर्म हत्यारांत नाही. ते कळायला आमच्या गावाची जागा डोळ्यांसमोर आणावी लागेल.

कोल्हापुरातून पश्चिमेला निघालेला रस्ता साधारण पंचावन्न किलोमीटरवर सह्याद्रीच्या माथ्याला येतो, तिथे गगनबावडा. इथे रस्त्याला फाटा फुटतो. एक वाट करूळ घाटाने वैभववाडीला उतरते, दुसरी भुईबावडा घाटाने खारेपाटणच्या बाजूला जाते. देशावरून कोकणात जाणारा माल कुठूनही आलेला असो, गूळ असो की कांदा, या वाटेला लागला की आधी बावड्याला येतो. कुठे उतरायचे ते इथे ठरते. आता कल्पना करा की देशावरच्या प्रत्येक गावातून कोकणातल्या प्रत्येक गावाला स्वतंत्र घाट खोदायचा आहे. पाच गावे वर, पाच खाली, तर पंचवीस घाट. मध्ये एक बावडा असला की पाच वाटा वर चढतात, पाच खाली उतरतात, दहांत काम भागते. वरची गावे म्हणजे सी, रस्ट, स्विफ्ट यांसारख्या भाषा. खालची गावे म्हणजे इंटेलचा प्रोसेसर, मोबाइलमधला आर्म, अलीकडचा रिस्क-फाइव्ह. मधल्या मुक्कामाची एक स्वतःची भाषा आहे, तिला मुले 'आयआर' म्हणतात. ती ना माणसाची ना यंत्राची. सगळे भाषांतर आधी तिच्यात होते. मालाची पुन्हा बांधाबांध, नासका काढून टाकणे, वजन कमी करणे, हे सगळे त्या मुक्कामावर चालते आणि मग माल घाट उतरतो.

नवशिक्यांचे प्रश्न वाचताना मला एक गोष्ट सतत जाणवली. मुले कोल्हापूर आणि वैभववाडी या दोन टोकांबद्दलच विचारतात. मध्ये मुक्काम आहे हे त्यांच्या गावीच नसते, आणि अडचण मात्र बहुतेक वेळा तिथेच असते.

मधला मुक्काम ठेवायचा ही युक्ती एलएलव्हीएमची नव्हे, ती बरीच जुनी. नवे होते ते तो मुक्काम सर्वांना उघडा ठेवणे, आणि त्याला एक पूर्वपीठिका आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये जीसीसी हा मुक्त कंपायलर लोकांना दिला. विकत घ्यावे लागणारे कंपायलर त्यापुढे फिके पडले. जीसीसीलाही मधली भाषा होती, किंबहुना एकाहून जास्त होत्या. पण तिथे बाहेरच्याला सहज उतरता येणार नाही अशीच व्यवस्था मुद्दाम ठेवलेली होती. कारण स्पष्ट होते. मधला मुक्काम उघडा टाकला तर कोणी कंपनी आपला बंदिस्त, विकाऊ भाग त्याला आणून जोडेल आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या कष्टावर आपली दुकानदारी चालवेल. घाटमाथ्यावर नाका बसवावा तसा हा प्रकार. स्टॉलमन यांची भीती मला खोटी वाटत नाही, पुढे तसे झालेही. पण त्या नाक्यामुळे शिकणारी मुलेही अडली, हे मी शिक्षक म्हणून अनुभवले आहे.

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात २००० साली क्रिस लॅटनर हा विद्यार्थी आणि मुंबईच्या आयआयटीत शिकून तिकडे गेलेले त्याचे प्राध्यापक विक्रम आडवे यांनी नाका नसलेला मुक्काम बांधायला घेतला. पहिली आवृत्ती ऑक्टोबर २००३ मध्ये बाहेर पडली. २००५ मध्ये लॅटनर ॲपल कंपनीत गेले. त्याच वर्षी त्यांनी हे सगळे जीसीसीच्या घरात आणून ठेवायची तयारी दाखवली होती. ते पत्र आपल्या नजरेसच पडले नाही, असे स्टॉलमन यांनी दहा वर्षांनी सांगितले. एका न वाचलेल्या पत्राने दोन घरे वेगळी राहिली. भाऊबंदकीचा इतका साधा किस्सा आमच्या तालुक्यातही सापडायचा नाही. पुढे दोन्ही घरांचा सन्मान झाला. संगणक क्षेत्रातल्या एसीएम या जुन्या संस्थेचा सॉफ्टवेअर प्रणालींसाठीचा पुरस्कार २०१२ चा एलएलव्हीएमला मिळाला आणि २०१५ चा जीसीसीला.

इथे संकलकांशी माझे भांडण आहे. 'जीसीसी घेऊ की एलएलव्हीएम?' या प्रश्नाला त्यांनी अर्ध्या ओळीत 'एलएलव्हीएम घे' असे उत्तर देऊन टाकले आहे. त्यांच्या पिढीला ते शोभते. पण महाराष्ट्रात कंपायलरचे पोट उघडून पाहायला ज्यांनी शिकवले त्यांनी जीसीसीवरच शिकवले. मुंबईच्या आयआयटीत धनंजय ढमढेरे यांनी कंपायलरवर संशोधन केले आणि पाठ्यपुस्तके लिहिली. सिस्टिम प्रोग्रॅमिंगचे त्यांचे पुस्तक इंजिनिअरिंगच्या कित्येक तुकड्यांनी झिजवले आहे. त्याच संस्थेत उदय खेडकर यांनी जीसीसी अभ्यासासाठी स्वतंत्र केंद्र चालवले आणि देशभरच्या शिक्षक-विद्यार्थ्यांसाठी कार्यशाळा घेतल्या. खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांचे डेटा फ्लो ॲनालिसिसवरचे पुस्तक २००९ मध्ये आले. ते आजही या विषयातल्या चांगल्या पुस्तकांत मोजावे लागते. त्यांच्या कार्यशाळेतली एक पद्धत मला फार आवडते. कंपायलर हा बंद डबा मानला तर काही कळत नाही, आणि पूर्ण उघडून लाखो ओळी वाचायला बसले तर आयुष्य पुरत नाही. म्हणून तो करड्या रंगाचा डबा मानायचा. चार ओळींचा प्रोग्रॅम आत सोडायचा, प्रत्येक टप्प्यानंतर त्याचे काय झाले ते कागदावर उतरवून घ्यायचे आणि शेजारी शेजारी ठेवून फरक पाहायचा. जीसीसीसाठी शोधलेली ही रीत एलएलव्हीएमला जशीच्या तशी लागू पडते. संकलकांनी अर्धी ओळ अजून खर्च करून एवढे सांगायला हवे होते.

आता प्रश्नांकडे वळू. सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न सगळ्यात कमी बौद्धिक आहे. 'लॅपटॉपला आठ जीबी रॅम आहे. बिल्ड लावला की मशीन लटकते. काय करू?' यावर खरे उत्तर 'बिल्ड लावू नकोस' असे आहे. वापरायलाच हवे असेल तर लिनक्सच्या भांडारातून तयार पॅकेज उतरवावे. आतला कोड बदलायचा असेल तरच स्वतः बांधावे. मग डीबग प्रकार टाळून रिलीज प्रकार निवडावा, सगळ्या प्रोसेसरांऐवजी आपल्या एकाच प्रोसेसरपुरते बांधावे, आणि लिंक करण्याची कामे एका वेळी एकच चालू द्यावीत, कारण मशीन लटकते ते कंपाइलला नव्हे, लिंकला. आमच्याकडच्या मुलांसाठी एक दिलासा संकलकांनी स्वानुभवाने लिहिला आहे. मध्येच वीज गेली तरी झालेले काम फुकट जात नाही. निन्जा हे बांधणीचे साधन पुन्हा सुरू केल्यावर उरलेलेच पुढे करते. एका जुलैत या दोघांचा एक बिल्ड तीन दिवस चालला होता, त्यात वीज होती असे तास मोजकेच.

दुसरा प्रश्न मात्र रसाळ आहे. 'सर, माझा कोड गेला कुठे?' एका मुलाने लॅपटॉपचा वेग मोजायला एक ते शंभर कोटीपर्यंतच्या आकड्यांची बेरीज करणारा लूप लिहिला. ऑप्टिमायझेशन लावून चालवला तर वेळ शून्य. त्याला वाटले लॅपटॉपला पंख फुटले. झाले होते असे की त्याने बेरीज केली, पण छापली नाही. मुक्कामावरच्या हमालांनी गोणी उघडली, हा माल पुढे कोणीच मागत नाही असे पाहिले आणि गोणीच दरीत टाकली. मुलगा हुशार. त्याने शेवटी बेरीज छापायची ओळ घातली. तरी वेळ जवळजवळ शून्यच. आता तर उत्तरही बरोबर येत होते. मग आयआर काढून पाहिला तेव्हा लूपच नव्हता. त्याच्या जागी एक गुणाकार आणि थोडी किरकोळ आकडेमोड होती. शाळेत शिकलेले सूत्र, शेवटचा आकडा गुणिले त्याच्या पुढचा आकडा भागिले दोन, कंपायलरने स्वतःहून ओळखून वापरले होते. एवढे पाहिल्यावर ज्या मुलाच्या अंगावर काटा येत नाही त्याने वेब डिझाइनकडे वळावे, असे मी वर्गात म्हणायचो. ते वाक्य अन्यायाचे होते, आता म्हणणार नाही.

आयआर वाचायला लागले की पुढचा अडथळा येतो. 'व्हेरिएबलमध्ये नवी किंमत भरायची कशी? त्याचे फंक्शनच सापडत नाही.' सापडणार नाही, कारण तसे करताच येत नाही. या मधल्या भाषेत एका नावाला एकदाच किंमत मिळते. किंमत बदलली की नाव नवे. मुलांना हे विचित्र वाटते, पण ज्याच्या घरी जमीन आहे त्याला वाटू नये. तलाठ्याच्या फेरफार नोंदवहीत जुनी नोंद खोडून वर नवी लिहीत नाहीत. वारसाचे नाव लागले, खरेदी झाली, बोजा चढला की प्रत्येक वेळी नवा फेरफार, नवा नंबर. सातबारावर तो नंबर दिसतो, त्यामुळे कोणती गोष्ट कशामुळे झाली याचा माग काढता येतो. कंपायलरलाही तोच माग हवा असतो. एका नावाला एकच जन्म असला की 'ही किंमत आली कुठून?' या प्रश्नाला एकच उत्तर राहते, आणि वर सांगितलेली सगळी जादू त्या एका उत्तरावर उभी आहे.

इथे चौकस मुलगा विचारतो, की मग 'जर' आणि 'नाहीतर' या दोन वाटा पुढे एकत्र आल्या तर कोणते नाव धरायचे? तिथे 'फाय' नावाची नोंद येते. खालून वर येणाऱ्या माणसाची कल्पना करा. करूळ घाटाने चढला असेल तर त्याच्याजवळ वैभववाडीचे तिकीट, भुईबावड्याने चढला असेल तर खारेपाटणचे. बावड्याच्या स्टँडवर उभा असलेला तपासनीस म्हणतो, 'ज्या वाटेने आलास त्या वाटेचे तिकीट दाखव, इथून पुढे त्याला मी बावड्याचे तिकीट म्हणेन.' फाय म्हणजे हा तपासनीस. संकलकांनी यासाठी तीन पाने आणि चार आकृत्या घेतल्या आहेत. त्या वाचाव्यात, पण आधी एकदा स्टँडवर उभे राहून पाहावे.

'गेप' नावाच्या सूचनेबद्दल इतके लोक चुकतात की एलएलव्हीएमच्या अधिकृत दस्तऐवजांत तिच्या गैरसमजांवर स्वतंत्र प्रकरण आहे. तिच्याविषयी एवढेच लक्षात ठेवले तरी पुरे: ती पत्ता काढते, घरात जात नाही. मेमरीला ती हातही लावत नाही. 'सी प्रोग्रॅमचा आयआर एकदा काढला की तो कुठल्याही मशीनवर चालेल ना?' याचे उत्तरही छोटेच, नाही. सीमध्ये 'लाँग' प्रकारचा आकडा चौसष्ट बिटी लिनक्सवर आठ बाइटचा, तर चौसष्ट बिटी विंडोजवर चार बाइटचा. हेडर फायलींतले 'हे मशीन असेल तर हा कोड' असले फाटे तर आयआर तयार होण्याआधीच मिटलेले असतात. माल मुक्कामावर पोचला तेव्हाच कोणत्या घाटाने उतरायचे ते गोणीवर लिहिलेले असते. माझ्या घाटाच्या दाखल्याला इथे थोडा तडा जातो हे मला मान्य आहे.

सगळ्यांत आपला असा प्रश्न पुस्तिकेच्या मध्यावर आहे. 'मराठीत प्रोग्रॅमिंगची भाषा करता येईल का?' करता येईल, आणि वाटते त्यापेक्षा लवकर. एलएलव्हीएमच्या दस्तऐवजांत कॅलिडोस्कोप नावाची एक लुटुपुटीची भाषा शिकवण्यासाठी दिली आहे. तिच्या 'इफ'च्या जागी 'जर' आणि 'एल्स'च्या जागी 'नाहीतर' घालायला या दोघांना एक संध्याकाळ पुरली. मुक्कामापासून पुढे सगळे तेच, कारण शब्द कोणत्या भाषेतले होते हे आयआरला कळतही नाही. तिढा आला तो वेगळ्याच ठिकाणी. सी प्लस प्लसमध्ये आता देवनागरी नावे चालतात, म्हणून एकाने व्हेरिएबलला 'दऱ्या' असे नाव दिले. दुसऱ्याने आपल्या मशीनवर तेच नाव टाइप केले तर क्लँगने एरर दिला. पडद्यावर दोन्ही शब्द अगदी सारखे, भिंग लावून पाहिले तरी फरक नाही.

फरक आत होता. दऱ्यामधला तो आडवा अर्धा र दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत युनिकोडचे नुक्तेवाले ऱ हे अक्षर, मग हलन्त, मग य. दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारा, शून्य रुंदीचा एक जोडक आणि मग य. पहिल्या रीतीतले सगळे अक्षरात मोडते. दुसऱ्या रीतीतला अदृश्य जोडक सी प्लस प्लसच्या नव्या नियमांत नावामध्ये चालत नाही. नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट नाही. न दिसणारी चिन्हे वापरून दोन नावे सारखी दाखवायची आणि फसवायचे, असले उद्योग रोखण्यासाठी तो आहे. पण त्यात सापडतो तो मराठी माणूस, कारण हा र मराठीला पावलोपावली लागतो. सुऱ्या, दोऱ्या, पायऱ्या, तऱ्हा, वऱ्हाड, बिचाऱ्या. मराठीत कोड लिहू म्हणणाऱ्याने कीबोर्ड आधी तपासावा. ही माहिती मला दुसऱ्या कुठल्या पुस्तकात आढळली नाही, आणि एवढ्यासाठीसुद्धा ही पुस्तिका छापायला हवी असे माझे मत झाले.

परिभाषेचा विषय निघालाच आहे तर. पुस्तिकेत लूप, स्टॅक, पॉइंटर, रजिस्टर हे शब्द तसेच ठेवले आहेत. कोणी नाराज होईल. त्यांनी आमच्या गावाचा इतिहास आठवावा. बावडा ही पंत अमात्यांची जहागीर. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. त्यानंतर चाळीसेक वर्षांनी, १७१५ मध्ये, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेले आज्ञापत्र लिहिले गेले. त्या करारी मराठीतही अरबी कुळातले वतन आहे आणि पोर्तुगिजांकडून आलेले आरमारही आहे. कोश होणे योग्यच होते, त्यातले कितीतरी शब्द रुळलेही. पण ज्याला राज्य चालवायचे असते तो शेवटी खाली समजेल तो शब्द वापरतो. संकलकांनी पॉइंटरला 'दर्शक' करून पाहिले होते. फोनवरच्या मुलाने 'म्हणजे पॉइंटर का?' असे विचारले आणि दर्शक तिथेच निवर्तला.

ज्या प्रश्नावर मी स्वतः सर्वांत जास्त रेंगाळलो तो बारावीतल्या एका मुलीने विचारला होता. 'कंपायलर सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला आहे. मग त्याला कोणी कंपाइल केले?' एलएलव्हीएम सी प्लस प्लसमध्येच लिहिलेले आहे आणि क्लँग स्वतःला कंपाइल करतो. त्याच्या आधी ते काम दुसऱ्या कंपायलरने केले, त्याच्या आधी तिसऱ्याने. याला उत्तर घरोघरी आहे. दही लावायला विरजण लागते, विरजण म्हणजे कालचे दही, आणि कालच्या दह्याला परवाचे लागले होते. पहिले विरजण कोणी आणले हे कोणाला आठवत नाही, शेजारणीकडून आले असेल. जीसीसीच्या घरात तर विरजणाची परीक्षाही घेतात. जुन्या कंपायलरने नवा बनवायचा, त्या नव्याने स्वतःला पुन्हा बनवायचे, त्याने आणखी एकदा. दुसरी आणि तिसरी प्रत तंतोतंत जुळली तर दही चांगले लागले.

आणि विरजणच बिघडलेले असेल तर? केन टॉम्प्सन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात, ते १९८४ मध्ये छापले गेले, नेमके हेच दाखवले. कंपायलरमध्ये एक चोरवाट घालायची. तो कंपायलर पुढच्या कंपायलरला बनवताना तीच चोरवाट गुपचूप त्यातही घालेल अशी व्यवस्था करायची. मग मूळ कोडमधून चोरवाटेच्या ओळी पुसून टाकायच्या. आता कोड कितीही वाचा, त्यात काही नाही, आणि चोरवाट मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालू. प्रत तंतोतंत जुळण्याची परीक्षाही इथे पास होते, कारण आंबट विरजणाचे दही नेमाने आंबटच लागते. कोड सर्वांना वाचायला मोकळा आहे म्हणजे सगळे सुरक्षित, असे मानणाऱ्यांनी हे प्रकरण दोनदा वाचावे. त्या मुलीने फोन ठेवताना आईला विचारून बघते असे म्हटल्याची नोंद वहीत आहे. काय विचारले ते लिहिलेले नाही.

परवान्यांचे प्रकरण मी दोन बैठकांत कसेबसे वाचले. महत्त्वाचे तेवढे सांगतो. जीसीसीने कंपाइल केला म्हणून तुमचा प्रोग्रॅम जीपीएल परवान्याखाली जात नाही, तशी सवलत लिहून दिलेली आहे. एलएलव्हीएमचा कोड बदलून, बदल जाहीर न करता, विकताही येतो. त्याचा जुना परवाना इलिनॉय विद्यापीठाचा होता, २०१९ पासून अपाचे परवाना काही सवलतींसह लागू आहे. कंपन्यांना हे सोयीचे पडते. जीपीएलची तिसरी आवृत्ती २००७ मध्ये आली त्यानंतर ॲपलने जीसीसीची त्याआधीची आवृत्तीच धरून ठेवली आणि हळूहळू क्लँगवर मुक्काम हलवला. स्टॉलमन यांना नाका का हवा होता ते इथे कळते.

एक उणीव जाता जाता. रिस्क-फाइव्हसाठीची घाटवाट एलएलव्हीएममध्ये २०१९ च्या नवव्या आवृत्तीपासून अधिकृत झाली. मद्रास आयआयटीचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे आपल्याकडचे प्रोसेसर याच कुळातले. म्हणजे देशात बनलेल्या चिपला सी, रस्ट, स्विफ्ट या भाषा जवळजवळ आयत्या मिळतात, मधल्या मुक्कामाची ती कमाई. यावर स्वतंत्र प्रकरण हवे होते, तिथे एक तळटीप आहे. पुढच्या आवृत्तीत पाहू असे दोघे म्हणतात. पुढची आवृत्ती निघेल इतक्या प्रती खपतील असा त्यांना विश्वास आहे, तो वयाचा भाग आहे.

शेवटचा प्रश्न उत्तराशिवाय छापला आहे, फक्त 'नाही' एवढेच. 'एक्झी फाइल आहे, कोड हरवला. यंत्रभाषेतून माझा सी प्रोग्रॅम परत मिळेल का?' या 'नाही'च्या मागची हकिकत मला माहीत आहे. विचारणारा इथलाच, शेवटच्या वर्षाला. प्रोजेक्ट ज्या पेन ड्राइव्हवर होता तो पावसात भिजला. घाट उतरताना कंपायलरने नावे, टिपा, लूपचा आकार सगळे वर टाकून दिलेले असते. उलटे चढून सीसारखे दिसणारे काहीतरी मिळते, पण तो आपला प्रोग्रॅम नसतो. दोघांनी त्याला हे समजावून फोन ठेवला. मी नंतर त्याला बोलावून विचारले, कॉलेजात सबमिशनला काळ्या बाइंडिंगची छापील प्रत दिली होती की नाही? दिली होती, पाठीमागे सगळा कोड जोडून. ग्रंथालयातून ती आणून गेले चार दिवस तो माझ्या पडवीत टाइप करत बसला आहे. सत्तावन्न पाने झाली, एकतीस राहिली आहेत.

गगनबावडा,
आषाढ